लहान मेंदूला दोन मिलिअँपिअर

(दृश्य : अंबाजोगाई तालुका. पाऊस उघडलाय. सोयाबीनच्या दोन वावरांमधला अरुंद बांध.)

तोल तपासायचा असला की डॉक्टर रुग्णाला टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याची ही परीक्षा दवाखान्याच्या आधी वावरातच झालेली असते. तात्यांचं तसंच झालं. डांबरी रस्त्यावर ठीक, पण बांधावर आले की पाय खाली पिकात. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. पुढे जीभ जड झाली, बोलणं लडबडू लागलं आणि गावाने काय समजायचं ते समजून घेतलं.

“माळकरी हाय ओ माजं लेकरू,” त्यांची माय सांगते. “थेंबाला शिवत न्हाई. तरी एस्टीतला कंडक्टर म्हनतो, सकाळी सकाळीच का?”

तात्यांच्या वडिलांनाही हेच होतं, पण पन्नाशी उलटल्यावर. घरात कुणी करणी म्हटलं, कुणी देवीचं काही राहून गेलंय म्हटलं. डॉक्टरांनी मात्र वडिलांचं वय विचारलं, आजोबांचं विचारलं आणि कागदावर तीन पिढ्यांची आकृती काढली.

संशय आहे स्पायनोसेरेबेलर अटॅक्सियाचा, म्हणजे एससीएचा. अटॅक्सिया म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ सुटणं. याचे चाळीसहून जास्त प्रकार आहेत. त्यातल्या एससीए-१, २, ३ अशा नेहमी सापडणाऱ्या प्रकारांत जनुकातली सीएजी ही तीन अक्षरं गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिली गेलेली असतात. पुढच्या पिढीत जाताना ही पुनरावृत्ती वाढू शकते आणि ती जितकी वाढेल तितका आजार लवकर दिसतो. बापाला पन्नाशीत झालेलं लेकाला चाळिशीआधी होतं ते यामुळे. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, धोका पन्नास टक्के. डोक्याच्या मागच्या भागातला लहान मेंदू हळूहळू झिजतो आणि ही झीज थांबवणारं औषध आजही नाही.

(दृश्य : उपचाराची खोली. आठच्या आकड्यासारखी गुंडाळी रुग्णाच्या डोक्याजवळ येते. टक. टक.)

औषध नाही, मग कवटी न उघडता मेंदूला बाहेरून चालना देता येईल का? १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. गुंडाळीतून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते हाडातून आरपार जातं आणि आत मेंदूच्या पेशींत करंट उठवतं. ही टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. मात्रा ठरवण्याची रीत बघण्यासारखी आहे. हात हलवणाऱ्या भागावर गुंडाळी धरायची, जोर थोडा थोडा वाढवायचा आणि अंगठ्याकडे बघत राहायचं. रुग्ण काहीच करत नाही, तरी अंगठा आपोआप उडतो. तो ज्या जोराला उडतो, त्यावरून त्या माणसाची मात्रा ठरते.

दुसरी पद्धत फारच साधी, टीडीसीएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. एक डोक्याच्या मागे, लहान मेंदूवर, दुसरा खांद्यावर किंवा कमरेच्या मणक्यावर. करंट साधारण दोन मिलिअँपिअर, वेळ वीस मिनिटं. कातडीला थोडी चुणचुण होते, बस्स. एवढ्याशा करंटने पेशी पेटत नाहीत, फक्त पेटायला जास्त किंवा कमी तयार होतात.

गुण येतो का? इटलीतल्या ब्रेशियाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये अटॅक्सियाच्या वीस रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. आठवड्याला पाच दिवस, दोन आठवडे उपचार. मधे खोटा उपचारही ठेवलेला, म्हणजे स्पंज तेच, पण करंट लगेच बंद, आणि खरा कोणता हे रुग्णाला ठाऊक नाही. खऱ्या उपचारानंतर तोल आणि हातांची हालचाल सुधारली, ती सुधारणा महिने टिकली. पण नेदरलँड्समध्ये एससीए-३च्या रुग्णांवर दोन आठवडे असाच प्रयोग झाला, तिथे तोलाच्या गुणांमध्ये खऱ्या-खोट्यात फरक निघाला नाही. हंटिंग्टन (अंग आपोआप हलतं असा वंशागत मेंदूविकार) आणि वंशागत डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटतात) यांतही प्रयोग झालेत, पण रुग्ण मोजके. म्हणून कुणी ‘मशीनने अटॅक्सिया बरा’ असा बोर्ड लावला असेल, तर त्या दुकानाची पायरी चढू नये. जनुक यंत्राने बदलत नाही.

(दृश्य : बाह्यरुग्ण विभागाबाहेरची रांग. मांडीवर जुन्या रिपोर्टांची पिशवी.)

आमच्या मते मराठवाड्यात खरी अडचण यंत्राच्याही अलीकडची आहे. निदान. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं इथे आजही होतात. आईबाप दोघंही निरोगी, पण दोघांकडे लपलेला दोष एकच, अशा घरांत काही वेगळे आजार निघतात. विल्सनच्या आजारात शरीरात तांबं साठतं, हात कापतात, बोलणं बिघडतं, आणि त्याला गोळ्या आहेत. एका प्रकारच्या अटॅक्सियात व्हिटॅमिन ई कमी पडतं, ते दिलं की बिघाड थांबू शकतो. इलाज असलेला डिस्टोनियाचाही एक प्रकार आहे, तो एकाच पालकाकडूनही येऊ शकतो; त्यात रुग्ण लिव्होडोपा या औषधाच्या छोट्या मात्रेवर चालायला लागतो. अशा पोराला दोन आठवडे स्पंज लावून बसवणं म्हणजे हातचा वेळ घालवणं.

यंत्र लावलं तरी व्यायाम सुटत नाही. तात्या रोज भिंतीला हात न लावता उभं राहायचा सराव करतात, चिडतात, पुन्हा उभे राहतात. २०१६च्या कायद्यात दीर्घकालीन मेंदूविकार दिव्यांगत्वात धरले आहेत, प्रमाणपत्र मिळू शकतं. इतकी वर्षं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

परदेशात काही ठिकाणी टीडीसीएसचं यंत्र घरी देतात आणि तज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर बसून बघतात. करंट किती, वेळ किती, हे आधीच बांधून दिलेलं असतं. बॅटरीवर चालतं, म्हणजे आपल्या लोडशेडिंगलाही पुरलं असतं! तात्यांच्या थोरल्याने मोबाइलवर असंच एक शोधून ठेवलं होतं. डॉक्टरांनी ते मागवू दिलं नाही. स्पंज सुकला तर कातडी भाजते, आणि स्पंज नेमका कुठे बसवायचा हे घरी कळायला मार्ग नाही. आधी जनुकीय चाचणीचा रिपोर्ट येऊ द्या, म्हणाले. रक्त तपासणीला गेलंय.

थोरला बावीस वर्षांचा आहे. स्वतःची चाचणी करायची की नाही, हे त्याने अजून ठरवलेलं नाही आणि डॉक्टरांनीही घाई केलेली नाही. ती समुपदेशनानंतर, सज्ञान माणसाने आपल्या मर्जीने करायची असते. घरात मात्र त्याच्यासाठी सोयरीक बघणं सुरू झालंय.