चेस: चार ट्रम्पेटचा रॉक बँड (आणि तो सॅक्सोफोन नाहीये!)

नमस्कार मंडळी! शिकागो या रॉक बँडवरच्या व्हिडिओखाली तुम्ही सारखं विचारताय, 'असा ब्रासवाला (म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखी पितळी फुंकवाद्यं असलेला) आणखी कुठला रॉक बँड?' तर घ्या, आज चेस.

बेसिक पटकन सांगतो. बिल चेस, अमेरिकन ट्रम्पेटवादक, मेनार्ड फर्ग्युसन आणि वूडी हर्मन यांच्या बिग बँडमध्ये, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदात, वाजवून तयार झालेला. १९७० मध्ये स्वतःचा बँड काढला, १९७१ मध्ये पहिला अल्बम. नऊ जण: गायक, गिटार, बेस, ऑर्गन, ड्रम्स आणि चार ट्रम्पेट.

चार ट्रम्पेट! सॅक्सोफोन नाही, ट्रॉम्बोनही नाही. चेसच्या 'गेट इट ऑन' या गाण्याची क्लिप टाकली की हमखास कमेंट येते, 'काय सॅक्स वाजवलाय!' राग येतो हो मला. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी वाजतो पत्तीवर, आपल्या सनईसारखा. ट्रम्पेटला पत्तीच नसते. तिथे ओठ थरथरतात, तुतारीसारखे. सनईला कधी तुतारी म्हणाल का?

नौपाड्यात चुलतभावाच्या वरातीत बँडवाले एक काका पायरीवर टेकले होते. ओठांवर माउथपीसचा गोल, लालभडक वळ. म्हणाले, "बोटं नाय दमत, ओठ दमतात." मग नुसता माउथपीस ओठांना लावून त्यांनी फुर्रर्र करून दाखवलं. सगळा आवाज तिथून सुरू होतो.

आता तो वळ डोळ्यांसमोर ठेवून 'गेट इट ऑन' ऐका. एक ट्रम्पेट सूर सोडतो, तो विरायच्या आत दुसरा उचलतो, मग तिसरा, चौथा. पावसाळ्यात येऊरला पाणी कातळावरून उतरतं ना, तसं. चौघांची जात एक, म्हणून सांधा कळत नाही. मध्ये एक जरी सॅक्स असता तरी तो वेगळा ऐकू आला असता.

आणि नाही, हे टी. रेक्स या ब्रिटिश रॉक बँडचं त्याच नावाचं गाणं नव्हे! उलट गल्लत नको म्हणून अमेरिकेत टी. रेक्सच्या गाण्याचं नाव बदलून 'बँग अ गाँग' केलं. चेसचं गाणं बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, २४व्या क्रमांकापर्यंत गेलं, बँडला नवोदित कलाकाराचं ग्रॅमी नामांकनही मिळालं.

१९७४ मध्ये तिसरा अल्बम आला, 'प्युअर म्युझिक'. त्याच वर्षी ९ ऑगस्टला बिल आणि त्याचे काही साथीदार अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या जॅक्सनच्या जत्रेत वाजवायला निघाले होते. छोटं विमान कोसळलं. बिल ३९ वर्षांचा होता. गिटार, ड्रम्स आणि कीबोर्डवालेही त्याच्याबरोबर गेले.