जुना अर्थ आधी का छापतात?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या भारतीय पासपोर्टमध्ये राष्ट्रपतींच्या नावाने केलेली एक विनंती छापलेली असते. पासपोर्टधारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावे, असे तिच्यात म्हटले आहे. ‘लेट’ म्हणजे ‘करू देणे’ हा आपल्या ओळखीचा अर्थ येथे लावला, तर वाक्याचा मेळच बसत नाही. कारण येथे ‘लेट’ म्हणजे अडथळा. शेक्सपिअरचा हॅम्लेट पित्याच्या भुतामागे निघतो आणि सोबती त्याला धरून ठेवतात, तेव्हा जो कोणी मला ‘लेट’ करील त्याचेच भूत करीन, असे तो बजावतो. तेथेही अर्थ ‘अडवील’ असाच आहे.

याचा उलगडा ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत होतो. जुन्या इंग्रजीत करू देणे आणि अडवणे या अर्थांची दोन वेगळी क्रियापदे होती. त्यांचे उच्चार पुढे एकच झाले, म्हणून आज ती एकाच शब्दाची दोन टोके वाटतात. अडवण्याचा अर्थ रोजच्या बोलण्यातून गेला, मात्र कायद्याच्या ठरीव शब्दांत आणि टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला की पुकारतात त्या ‘लेट’मध्ये तो टिकून राहिला.

या कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भाषेच्या अभ्यासकांच्या संस्थेत, रुजली. 1857 मध्ये रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी तेथे मांडले की कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, तिचे गुणदोष ठरवणारा टीकाकार नव्हे. 1879 पासून संपादक जेम्स मरे यांनी ते तत्त्व प्रत्यक्षात आणले. ग्रंथ वाचून चिठ्ठ्या पाठवा, असे त्यांनी वाचकांना आवाहन केले. चिठ्ठीच्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, ग्रंथ व पान, आणि मग तो शब्द ज्यात आला ते वाक्य जसेच्या तसे, अशी तिची रीत होती. बागेत उभारलेल्या लोखंडी पत्र्याच्या खोलीत या लाखो चिठ्ठ्या लावल्या जात, आणि त्यांच्या सालांवरून अर्थांचा क्रम ठरे. पहिला भाग 1884 मध्ये निघाला, काम 1928 मध्ये पुरे झाले. ते पाहायला मरे हयात नव्हते.

म्हणूनच या कोशात पहिला छापलेला अर्थ हा मुख्य किंवा शुद्ध अर्थ समजू नये. तो सहसा सर्वांत जुना असतो, आणि पुष्कळदा त्याच्यापुढे लोप पावल्याची कट्यारीसारखी खूणही असते. ‘मीट’ हा शब्द घ्या. 1611 च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बीज धरणाऱ्या वनस्पती आणि फळझाडे देतो आणि ती तुम्हाला ‘मीट’ होतील, असे सांगतो. मांसाचा तेथे लवलेशही नाही. ‘मीट’ म्हणजे अन्न, कोणतेही खाद्य. पेढे-बर्फीला इंग्रजीत ‘स्वीटमीट’ म्हणतात, ते याच जुन्या अर्थाने. आजचा अर्थ मनात धरून तो अध्याय वाचणारा वाचक अगदी उलटे काही वाचून बसेल, आणि आपण चुकलो हे त्याला कळणारही नाही. जुना मजकूर वाचताना अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा शब्द अधिक फसवतो, असे माझे ठाम मत आहे. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो तरी.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. अर्थाशेजारी दिलेले पहिले साल हे त्या अर्थाचे जन्मसाल नसते. तो कोशकारांच्या हाती लागलेला सर्वांत जुना लेखी पुरावा असतो, आणि शब्द कागदावर येण्यापूर्वी कित्येक वर्षे लोकांच्या तोंडी असू शकतो. त्याहून जुने वाक्य सापडले की ते साल मागे सरकते, आणि कोशाची नवी आवृत्ती तयार करणारे संपादक अशा नोंदी आजही बदलत आहेत.