प्रार्थनेला न गेलेली मुलं

(दृश्य : बैरूत, रास बैरूतचा चढ, खाली भूमध्य समुद्र. कॉलेज हॉलचा घड्याळाचा मनोरा.)

लेबनॉनच्या राजधानीतलं, बैरूतचं हे अमेरिकन विद्यापीठ. 1866 साली मिशनऱ्यांनी सोळा विद्यार्थी घेऊन ते सुरू केलं, तेव्हा त्याचं नाव होतं सीरियन प्रोटेस्टंट कॉलेज. 1871 मध्ये कॉलेज हॉलची कोनशिला बसवताना पहिले अध्यक्ष डॅनियल ब्लिस यांनी सांगून टाकलं : कुठल्याही धर्माचा मुलगा इथे यावा. जाताना एक देव मानून जावा, अनेक मानून जावा, नाहीतर एकही न मानता जावा. मात्र आम्ही सत्य कशाला म्हणतो आणि का म्हणतो, हे कानावर पडल्याशिवाय त्याला इथे फार काळ राहता येणार नाही.

दार सताड उघडं, पण आत आल्यावर प्रार्थनेला बसायचंच. आपल्याकडे मिशनच्या शाळेत शिकलेल्यांना हा प्रकार काही नवा वाटणार नाही.

(दृश्य : जुनं चॅपल म्हणजे प्रार्थनागृह, आजचा असेंब्ली हॉल. लाकडी बाकांच्या रांगा.)

बैरूत तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं. 1908 च्या जुलैत त्या साम्राज्यात राज्यघटना पुन्हा लागू झाली. स्वातंत्र्य, समता हे शब्द रस्त्यारस्त्यावर ऐकू येऊ लागले. मग कॉलेजच्या आवारातच ते का नकोत? 1909 च्या जानेवारीत चॅपलमधलं एक प्रवचन मुस्लिम विद्यार्थ्यांना झोंबलं. यापुढे सक्तीच्या प्रार्थनेला जायचं नाही, अशी त्यांनी शपथच घेतली. ज्यू विद्यार्थीही त्यांना सामील झाले. गंमत बघा, कॉलेज सोडायला मात्र यातलं कुणी तयार नव्हतं. शिक्षण इथलंच हवं, प्रार्थना आमची आम्ही करू, एवढंच त्यांचं म्हणणं.

कॉलेजनं त्यांना हाकललं नाही. त्या वर्षापुरती सूट दिली, नियम तसाच ठेवला. सक्ती सुटली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात, तीही ऑटोमन सरकारनं भाग पाडलं म्हणून. आपखुशीनं झालेला बदल नव्हता तो.

पण पुढचं बघण्यासारखं आहे. 1920 मध्ये नावातला ‘प्रोटेस्टंट’ गेला. त्या दशकात वेस्ट हॉलमध्ये ‘ब्रदरहुड’ नावाचं मंडळ उभं राहिलं, सगळ्या धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुलं. सक्तीनं एका बाकावर बसवलेली मुलं एकमेकांना ओळखतातच असं नाही. आपण होऊन आलेली बोलायला लागतात, वाद घालतात, कधी चिडून उठूनही जातात. आम्हाला तरी 1909 चा तो नकार हाच खऱ्या संवादाचा पहिला शब्द वाटतो.

(दृश्य : यादवी युद्धातलं बैरूत. शहराचे दोन भाग करणारी ‘ग्रीन लाइन’ ही रेषा, गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारती.)

1975 ते 1990. शहराची फाळणी झाली : पश्चिमेला मुख्यतः मुस्लिम, पूर्वेला ख्रिस्ती. विद्यापीठ पश्चिमेला. पूर्वेकडच्या विद्यार्थ्यांना रेषा ओलांडून येणं जिवावरचं झालं, म्हणून त्यांच्यासाठी तिकडेच वेगळे वर्ग भरवावे लागले. 1984 च्या जानेवारीत अध्यक्ष माल्कम कर यांचा आवारातच गोळ्या घालून खून झाला. 1991 मध्ये, युद्ध संपल्यावर, स्फोटात कॉलेज हॉलच कोसळला. आता दिसतो तो पुन्हा बांधलेला.

(दृश्य : आजचं आवार. ब्लिस स्ट्रीटवर मुलामुलींची गर्दी.)

इथे 2008 पासून विद्यार्थ्यांचा सेक्युलर क्लबही आहे. त्यांचा रोख थेट देशाच्या कायद्यावर. लेबनॉनमध्ये लग्न, घटस्फोट हे सगळं आजही ज्याच्या त्याच्या पंथाच्या कायद्यानं चालतं; नोंदणी विवाहाची सोयच नाही. याच आवारात सूत जुळलेल्या एखाद्या मुस्लिम-ख्रिस्ती जोडप्याला तसं लग्न करायचं असेल, तर बहुधा विमानानं सायप्रस गाठावं लागतं. तिथून आणलेला दाखला लेबनॉन सरकार मान्य करतं.