८,४२१ वजा ७

[दृश्य: एमआरआय यंत्राचा पांढरा बोगदा. आत झोपलेल्या तरुणीचे फक्त पाय दिसतात. यंत्राची ठकठक.]

आठ हजार चारशे एकवीस. यातून सात वजा करा. जे उत्तर येईल त्यातून पुन्हा सात. थांबायचं नाही.

अमेरिकेत काही तरुण-तरुणी एमआरआय यंत्रात पडल्यापडल्या ही अशी वजाबाकी करत होते. परीक्षा गणिताची नव्हती. आधीची ३० सेकंदं त्यांनी एक फोटो पाहिला होता, ज्या माणसासाठी जीव कासावीस होतो त्या माणसाचा. नंतर दिसणार होता एका साध्या ओळखीच्या माणसाचा फोटो. पण पहिल्याचा अंमल उतरल्याशिवाय दुसरा दाखवून काय उपयोग? म्हणून मधली ४० सेकंदं ही सातासातानं उलटी मोजणी. प्रेमावर इतका रुक्ष उतारा शोधून काढणाऱ्यांचं कौतुकच केलं पाहिजे.

ही कल्पना लढवणाऱ्यांत होत्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर, मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक ल्युसी ब्राउन. प्रेमात नुकत्याच, आणि अगदी आकंठ, बुडालेल्यांना त्यांनी चक्क पत्रकं लावून बोलावलं. १० तरुणी आणि ७ तरुण निवडले गेले. प्रेमाला सरासरी सात-साडेसात महिने झालेले. २००५ साली निष्कर्ष छापून आले.

[दृश्य: मेंदूचा आडवा छेद. खोलवर, मध्यमेंदूत, एक ठिपका उजळतो.]

प्रिय माणसाचा फोटो समोर आला की मेंदूत खोलवर असलेला एक लहानसा भाग सक्रिय होत होता. त्याचं नाव व्हेंट्रल टेगमेंटल एरिया, थोडक्यात व्हीटीए. इथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि मेंदूच्या इतर भागांत पोचवतात. कोकेन आणि निकोटिन याच यंत्रणेला हात घालतात.

आता डोपामिन म्हटलं की आपल्याला लगेच 'आनंदाचं रसायन' आठवतं. मोबाइलवरच्या रील्सनी ते पक्कं करून ठेवलंय. पण मिशिगन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांचे उंदीर वेगळंच सांगतात. या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं होतं. समोर अन्न ठेवलं तरी ते उठून खायला जाईनात. मग थेट तोंडात साखरेचं पाणी सोडलं. तेव्हा मात्र त्यांनी नेहमीसारख्या मिटक्या मारल्या! गोडी शाबूत होती. नाहीशी झाली होती ती ओढ.

फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं याच्याशी जुळतं. प्रेमात पडणं ही राग किंवा आनंदासारखी एक भावना नव्हे. भूक आणि तहान ज्या जातीच्या, त्या जातीची ती एक प्रेरणा आहे. प्रेमात पडलेला माणूस सकाळी हवेत असतो, दुपारी रडकुंडीला येतो आणि रात्री उगाचच चिडतो. भावना दिवसभर बदलत राहतात. ओढ जागची हलत नाही.

आणि नकार आला तर? २०१० साली याच गटानं १५ प्रेमभंग झालेल्यांना यंत्रात झोपवलं. सोडून गेलेल्या माणसाचा फोटो पाहताना त्यांचं व्हीटीए पेटलेलंच होतं. जोडीला, कोकेनच्या तलफेशी ज्यांचा संबंध लावला जातो असे भागही. ब्लॉक केलेला नंबर रात्री दोन वाजता अनब्लॉक करून डीपी बदललाय का ते बघणाऱ्या मित्राला 'सोडून दे रे' म्हणणं सोपं असतं. जेवण न मिळाल्यानं भूक थोडीच मरते?

[दृश्य: खोल दरी, उंच देवदार, हेलकावे खाणारा अरुंद झुलता पूल.]

छातीतल्या धडधडीची गोष्ट थोडी गमतीची आहे. त्यासाठी कॅनडात, नॉर्थ व्हँकुव्हरच्या कॅपिलानो पुलावर जायला हवं. खाली सुमारे ७० मीटरवर नदी. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आपले ओळखीचे आर्थर ॲरन यांनी इथं एक तरुणी उभी केली. पुलावर आलेल्या पुरुषांकडून ती प्रश्नावली भरून घ्यायची आणि कागदाचा कोपरा फाडून त्यावर आपला फोन नंबर लिहून द्यायची. अभ्यासाबद्दल आणखी विचारायचं असेल तर फोन करा, एवढंच. नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. जवळच्याच एका ठेंगण्या, भक्कम पुलावर हाच प्रकार केला, तेव्हा १६ पैकी फक्त २ जणांनी.

उंचीच्या भीतीनं ॲड्रेनलिन उसळलं, हृदय जोरात धावू लागलं, तळहात ओले झाले. समोर तरुणी होती. शरीरातल्या खळबळीचं श्रेय मनानं तिला देऊन टाकलं! आता कुणी म्हणेल, अशा पुलावर जाणारी माणसंच मुळात धाडसी असणार. संशोधकांनाही ती शंका आली होती. म्हणून पूल ओलांडून निवांत झालेल्यांशी त्यांनी पुन्हा तुलना केली. फरक टिकला.

[दृश्य: रक्ताची नळी, सूक्ष्मदर्शकाखाली प्लेटलेट्स.]

एकच माणूस सतत डोक्यात घोळत राहतो, त्याचं काय? इटलीतल्या पिसामध्ये दोनातेल्ला मारात्सिती यांनी १९९९ साली त्याचा माग रक्तात काढला. नुकते प्रेमात पडलेले, दिवसाचे किमान चार तास त्याच माणसाचा विचार करणारे २० जण एकीकडे. दुसरीकडे ओसीडीचे, म्हणजे तेच तेच विचार न थांबणाऱ्या आजाराचे २० रुग्ण. सेरोटोनिन हे मेंदूतलं आणखी एक निरोप्या रसायन, ते रक्तातही असतं. ते आत ओढून घेणारं एक प्रथिन प्लेटलेट्समध्ये, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांमध्ये असतं. हे प्रथिन दोन्ही गटांत सारखंच कमी निघालं. वर्ष-दीड वर्षानं प्रेमवीरांपैकी काहींना पुन्हा तपासलं, तर आकडा पूर्वपदावर.

यावर 'प्रेम हा आजारच' असे मथळे झळकले. जरा सबुरीनं घ्यावं. एक तर ही मोजणी रक्तातली होती, मेंदूतली नव्हे. शिवाय २०१२ साली नेदरलँड्समध्ये रक्तातलं सेरोटोनिन मोजलं, तेव्हा प्रेमात पडलेल्या पुरुषांत ते कमी, पण स्त्रियांत उलट जास्त आढळलं.

ऑक्सिटोसिन या मेंदूत तयार होणाऱ्या हार्मोनच्या नशिबीही हेच आलं. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात प्रेअरी व्होल नावाचा उंदराच्या चणीचा, आखूड शेपटीचा प्राणी राहतो. इलिनॉयमध्ये लोवेल गेट्झ यांच्या पिंजऱ्यांत तीच नर-मादी जोडी पुन्हा पुन्हा एकत्र सापडायला लागली, तेव्हा शास्त्रज्ञांचे कान टवकारले. ही जोडी बिळात एकत्र राहते, पिल्लंही दोघं मिळून वाढवतात. (एकनिष्ठेचा फार गाजावाजा नको, पिल्लांचा बाप कधीकधी शेजारचा निघतो.) मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचा परिणाम रोखला की जोडी जमत नाही, असं प्रयोगांत दिसलं. त्यातून 'प्रेमाचं हार्मोन' हे बिरुद जन्माला आलं, आणि आता तर त्याच्या बाटल्याही विकल्या जातात.

पण २०२३ साली देवानंद मनोली आणि निराव शाह यांच्या गटांनी कॅलिफोर्नियात असे व्होल जन्माला घातले की ज्यांच्यात ऑक्सिटोसिनचा ग्राहकच (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं ते हार्मोन पकडणारं प्रथिन) नव्हता. जनुकच कापून टाकलेलं. या प्राण्यांनी काय करावं? त्यांनीही जोड्या जमवल्या.

म्हणजे ऑक्सिटोसिन निरुपयोगी, असं नाही. जन्मापासून एक वाट बंद असेल तर वाढता मेंदू दुसरी शोधत असावा, हा एक अंदाज आहे. पण एका रसायनाला एक भावना चिकटवण्याचा उद्योग मात्र आता आवरता घ्यायला हरकत नाही.

[दृश्य: संध्याकाळची बाग. पन्नाशीतलं एक जोडपं बोलत बोलत चालतंय.]

राहिला तो प्रश्न, जो लग्नाला वीस वर्षं झालेले लोक मोठ्यानं विचारत नाहीत. प्रेम इतकी वर्षं टिकतं का? मानसशास्त्रज्ञ बियांका असेवेडो यांनी तो विचारला. सरासरी २१ वर्षांचा संसार झालेले आणि 'अजूनही प्रेमात आहोत' म्हणणारे १७ जण त्यांनी यंत्रात झोपवले. जोडीदाराचा फोटो दिसला आणि व्हीटीए उजळलं. थेट नव्या प्रेमिकांसारखं.

अर्थात ही माणसं निवडूनच आणलेली होती. एरवी अशी किती सापडतात? अमेरिकेत लग्नाला दहा वर्षांहून जास्त काळ झालेल्या २७४ जणांना विचारलं, तेव्हा ४० टक्के म्हणाले की आपलं प्रेम अगदी उत्कट आहे. त्यांच्या उत्तरांत काही गोष्टी वारंवार दिसल्या. मायेचा स्पर्श, जोडीदार समोर नसताना त्याची आठवण येणं, आणि दोघांनी मिळून काहीतरी नवं, जरा अवघड करून बघणं.