हातोडा उचलण्याआधी

(घरदुरुस्तीविषयी फ्लॅटधारकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. घराचं काम करून घेतलं, हौसेनं पैसा ओतला, आणि दोन-चार महिन्यांत ते बिघडलं की माणूस चिडतो. ते साहजिकच आहे. पण त्या चिडीत पहिला निर्णय होतो तो फोडण्याचा. ‘सगळं काढा आणि परत करा.’ आज मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. दोष नेमका कुठं आहे हे सिद्ध होईपर्यंत घरात कुणालाही हातोडा लावू देऊ नका. बिघडलेल्या कामापेक्षा आंधळेपणानं केलेल्या दुरुस्तीनं घरांचं जास्त नुकसान केलेलं मी पाहिलं आहे.

सगळ्यात जास्त तक्रारी असतात बाथरूमच्या, म्हणून त्यावरच जास्त बोलतो. वरच्यांनी बाथरूम नवं केलं आणि खालच्यांच्या छताला ओल आली, ही गोष्ट या सभागृहातल्या निम्म्या लोकांना तरी ओळखीची असेल.

अशाच एका घराची तपासणी मी केली. वरच्या मजल्यावर जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवल्या होत्या. खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर रंगाचे पोपडे सुटले. कंत्राटदार आला, सांध्यांत पांढरं सिमेंट भरून गेला. ओल तशीच. मग सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न शोषणारं सांधे भरायचं मिश्रण, भरलं. तरीही ओल तशीच. मग कुणीतरी खालून स्लॅबला भोकं पाडून केमिकल भरलं. पाणी तिथून हटलं आणि दोन हात पलीकडे दिव्याच्या पॉइंटपाशी उतरू लागलं, म्हणजे आधी नुसती ओल होती तिथं आता जिवाला धोका झाला. एवढं सगळं झालं, पण पाणी येतंय कुठून हे कुणी विचारलंच नव्हतं.

ते शोधायची पद्धत साधी आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी ओलीचा स्वभाव बघा. बाथरूम वापरा किंवा वापरू नका, ओल एकसारखी राहते? मग संशय भिंतीतल्या पाणीपुरवठ्याच्या पाइपवर, कारण त्यात पाणी कायम दाबाखाली असतं. आंघोळी झाल्या की वाढते, घर बंद असलं की कमी होते? मग फरशी किंवा सांडपाण्याची वाट. फक्त पावसाळ्यात येते? मग बाथरूमला दोष देण्याआधी बाहेरची भिंत आणि खिडकीच्या चौकटीचे सांधे बघा.

पुढं चाचण्या. पुरवठ्याच्या पाइपला हातपंप लावून दाब द्यायचा आणि दाबाच्या मीटरचा काटा बघत थांबायचं. काटा उतरला तर पाइप किंवा जोड गळतोय. काटा ठाम राहिला तर पाइप संशयातून सुटला. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचं, तोंड जाळीपाशी बोळा घालून घट्ट बंद करायचं आणि फरशीवर दोन इंच पाणी किमान दोन दिवस साठवून ठेवायचं. त्याआधी खालच्या घरात जाऊन सांगून या. न सांगता केलेल्या चाचणीतून भांडणं होतात. खाली ओल वाढली नाही तर फरशी निर्दोष. शेवटी बोळा काढून नुसत्या ट्रॅपमध्ये रंग कालवलेलं पाणी ओतायचं.

काकूंच्या घरी काटा हलला नाही. साठवलेलं पाणीही टिकलं. रंगीत पाणी ओतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छताला गुलाबी डाग उमटला. जाळी उचलून टॉर्च मारली तेव्हा उलगडा झाला. नव्या टाइल्समुळे फरशीची उंची वाढली होती, जुना ट्रॅप खालीच राहिला होता, आणि मधल्या अंतरात पाइपचा एक तुकडा नुसता उभा करून भोवती सिमेंट थापलं होतं. ते आकसलं, फट पडली, आणि प्रत्येक आंघोळीचं पाणी त्या फटीतून कोब्यात, म्हणजे फरशी आणि स्लॅब यांच्यामधल्या भरावात, मुरत होतं. ट्रॅपभोवतीच्या चार टाइल्स काढून तो जोड नीट केला, भोवती न आकसणारं ग्राउट भरलं, वर वॉटरप्रूफिंगचा लेप दिला. बाकीच्या बाथरूमला हात लावावा लागला नाही.

इथं बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबतो. गळती बंद झाली तरी ओल लगेच जात नाही. विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात महिनोन्‌महिने मुरलेलं पाणी कित्येक आठवडे झिरपत राहतं. लोकांना वाटतं दुरुस्ती फसली, आणि परत फोडाफोडी सुरू होते. तसं करू नका. ओलीच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारा, शेजारी तारीख घाला. दर आठवड्याला नवी रेघ. रेघा आत आत सरकत असतील तर काम बरोबर झालं आहे. छत पूर्ण वाळेपर्यंत पुट्टी आणि रंग लावू नका, नाहीतर पोपडे परत येणार.

साठवलेलं पाणी खाली उतरलं, म्हणजे फरशीचाच दोष निघाला, तर मात्र अर्धवट काम चालत नाही. टाइल्स आणि कोबा काढून स्लॅबपर्यंत जावं लागतं. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात गोलाई करून घ्या, लेप भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत चढवा. पाणी साठवण्याची चाचणी टाइल्स बसवण्याआधी करून घ्या. आणि शंभराला एक तरी ढाळ ट्रॅपकडे हवाच. बादलीभर पाणी ओतून पुढ्यात बघून घ्या.

टाइल्सचं बोलायचं तर नाण्यानं टकटक करून बघा. सगळीकडे भरीव आवाज आणि एखाद्या कोपऱ्यात पोकळ, तर फार चिंता नको. पण पूर्ण टाइल पोकळ वाजत असेल तर ती सुटणार. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती धरत नाही. तिला टाइल अधेसिव्ह, म्हणजे टाइलसाठीचा खास चिकटवणारा मसाला, लागतो, आणि तोही दातेरी थापीनं पूर्ण पसरलेला. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबली की खाली पोकळी राहिलीच. टाइलला टाइल चिकटवून बसवली असेल तर उन्हाळ्यात ती फुगून उठते. सांधा हवाच.

स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांचं प्लायवुड फुगलं असेल तर आतल्या बाजूला छाप शोधा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ म्हणजे साधं प्लाय, त्यातही एमआर (दमटपणा सोसणारं) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारं) असे प्रकार तुम्हाला दिसतील. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्यात जास्त टिकणारं. बिलात एक आणि छापावर दुसरं असेल तर तो तुमचा सगळ्यात पक्का पुरावा. विजेच्या कामात मात्र स्वतः काही करू नका. ओल आलेल्या जागी आधी मेन स्विच बंद, मग परवानाधारक माणूस. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, वारंवार पडत असेल तर तो काढून टाकायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ते यंत्र तुमचा जीव वाचवतंय.

आता कंत्राटदार. फोनवर ओरडण्यानं काही होत नाही. तारखेसह फोटो, चाचणीचे फोटो, शक्य असेल तर स्वतंत्र अभियंत्याचा लेखी अहवाल, आणि मग एक पत्र: दोष असा, कारण हे, इतक्या दिवसांत दुरुस्त करून द्या. बरेच कंत्राटदार कारण पुराव्यानिशी समोर आलं की येतात. ते सगळेच लबाड असतात असं नाही; पुष्कळदा लादीवाल्यानं काय करून ठेवलं हे त्यांनाही माहीत नसतं. दुसऱ्याकडून फोडून घेणार असाल तर फोडण्याआधी पहिल्याला लेखी कळवा, नाहीतर तो म्हणेल, ‘माझं काम चांगलं होतं, तुम्हीच बिघडवलं.’

नाहीच ऐकलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. सदोष काम म्हणजे सेवेतली त्रुटी. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. कामाची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रार स्वतः मांडता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोलून बघा.

ज्यांच्या इमारती नव्या आहेत त्यांनी रेराचं, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याचं, कलम १४ लक्षात ठेवा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दिसला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण बिल्डरनं केलेलं वॉटरप्रूफिंग तुम्ही नूतनीकरणात उखडलंत तर तो त्याच मुद्द्यावर हात वर करणार. पाच वर्षं झाली नसतील तर बाथरूमच्या फरशीला हात लावण्याआधी दहादा विचार करा.

आणि पुढच्या कामाच्या करारात दोन ओळी घालून घ्या. सरकारी कामांत दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे काम संपल्यावरही ठरावीक मुदतीत निघालेला दोष कंत्राटदारानंच दुरुस्त करायचा, तसा घरच्या कामातही ठेवा. निदान एक पावसाळा त्यात यायला हवा. आणि काही रक्कम तोपर्यंत राखून ठेवा, किती ते आधीच लिहून. चांगलं काम करणारा माणूस याला नाही म्हणत नाही.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी ओलीचे फोटो आणलेत त्यांनी पुढं या. कुठल्या खोलीखाली कुठली खोली येते तेवढं सांगा, म्हणजे बोलता येईल.