दोन पेडांचा पीळ

या परीक्षानळीत डीएनएचं द्रावण आहे. ते तापवत नेऊ. सत्तर अंश, ऐंशी, नव्वद... ९५ अंश सेल्सिअसपर्यंत पीळ उलगडतो आणि दोन्ही पेड वेगळे होतात. पण पेड स्वतः तुटत नाहीत. नळी सावकाश निवू द्या, तेच पेड आपापला जोडीदार शोधून पुन्हा पीळ धरतात.

सुटणारे बंध निराळे, टिकणारे निराळे.

पेडाच्या लांबीभर साखर आणि फॉस्फेट आलटूनपालटून गुंफलेले आहेत. एका साखरेचा तिसरा कार्बन फॉस्फेटमार्फत पुढच्या साखरेच्या पाचव्या कार्बनला जोडलेला. हा फॉस्फोडायएस्टर बंध. यात अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची भागीदारी असते, म्हणून उकळत्या पाण्याच्या उष्णतेलाही तो सहसा दाद देत नाही.

दोन पेडांच्या मध्ये मात्र हायड्रोजन बंध, म्हणजे हायड्रोजन अणूमार्फतची क्षीण ओढ. प्रत्येक साखरेला एक बेस जोडलेला असतो: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन किंवा सायटोसिन. समोरासमोरच्या बेसांमध्ये हे बंध असतात. ॲडेनिन आणि थायमिनमध्ये दोन, ग्वानिन आणि सायटोसिनमध्ये तीन. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी रचना मांडली तेव्हा ग्वानिनच्या जोडीतही त्यांनी दोनच बंध धरले होते. तिसरा दाखवून दिला तो पॉलिंग आणि कोरी या रसायनशास्त्रज्ञांनी, १९५६ मध्ये.

पीळ फक्त हायड्रोजन बंधांनी टिकतो, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. ते अपुरं आहे. जवळून पाहा: बेस चपटे आहेत, नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक, मध्ये जेमतेम ०.३४ नॅनोमीटर अंतर. या थरांमधलं आकर्षण, आणि पाण्यापासून अंग चोरण्याची बेसांची प्रवृत्ती, यांचा पिळाच्या स्थैर्यात मोठा वाटा आहे. एकेक ओढ क्षीण, पण अशा लाखो एकत्र आल्या की रेणू उभा राहतो. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

आता आरएनए, डीएनएचा भाऊबंद रेणू. इथे थायमिनच्या जागी युरॅसिल असतं, आणि बहुधा एकच पेड, स्वतःवरच दुमडलेला. खरा फरक साखरेत आहे. तिच्या दुसऱ्या कार्बनवर एक ऑक्सिजन जास्त असतो, हायड्रॉक्सिल गटातला, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीतला. तो शेजारच्या फॉस्फेटच्या अगदी हाताशी असतो. संधी मिळाली की त्याच्यावरच चाल करून जातो, आणि साखळी आतूनच तुटते.

दोन्ही रेणू तीव्र अल्कलीत ठेवून कोमट जागी रात्रभर राहू द्या. सकाळी आरएनएचे सुटे न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखर, फॉस्फेट आणि बेस यांचे एकेक घटक, झालेले असतात. डीएनएचे पेड एकमेकांपासून सुटलेले, पण अखंड.