मागची कड

[दृश्य : शांत समुद्र, होडीच्या डावीकडे कळप]

इंजिन मंद झालंय. होडी कळपाचा पाठलाग करत नाही. त्यांच्या बाजूने, त्यांच्याच वेगाने चालते. कॅमेरा ज्या क्षणावर रोखलाय तो जेमतेम एक-दोन सेकंदांचा. डॉल्फिन श्वासाला वर येतो, पाठ वाकते, पर पूर्ण दिसतो, की गेला पाण्याखाली. उड्या बघायला छान, पण फोटोवरून एकेक डॉल्फिन ओळखून कळप मोजायच्या या कामात त्यांचा फारसा उपयोग नाही.

[पराचे जवळचे फोटो, एकामागून एक]

बघायचा तो पाठीवरचा पर, आणि त्यातही मागची कड. ही कड पातळ असते, सहज फाटते. दुसऱ्या डॉल्फिनचे दात, मासेमारीची दोरी, होडीचा पंखा, ज्याने त्याने आपली खूण ठेवलेली. दातांचे ओरखडे कालांतराने पुसट होतात. कडेचा तुटलेला तुकडा मात्र पुन्हा भरून येत नाही, आणि ती खाच डावीकडून दिसते तशीच उजवीकडूनही. जनावराला पकडायला नको, टॅग लावायला नको.

अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर बर्न्ड आणि मेलनी वुर्सिग या दांपत्याने अशाच फोटोंवरून कळपात कोण कोणाबरोबर राहतं ते शोधलं. 1977 साली ते ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत छापून आलं. फ्लोरिडात सारासोटा खाडीतला अभ्यास त्याआधीचा, 1970 पासूनचा, आणि तो आजही चालू आहे.

[पुन्हा कळप, कॅमेरा एका फाटक्या परावर, मग शेजारच्या गुळगुळीत परावर]

नवशिक्याचा कॅमेरा आपसूक फाटक्या पराकडे वळतो. इथेच हिशेब बिघडतो. खाच असो-नसो, समोर येईल त्या प्रत्येकाचा फोटो हवा. नाहीतर खुणा नसलेले किती, हे कळणार कसं?

[संगणकाचा पडदा, शेजारी शेजारी दोन पर]

किनाऱ्यावर आल्यावर खरी बैठक. धूसर, तिरपे, अर्धे बुडालेले फोटो आधी बाद. उरलेले कॅटलॉगशी, म्हणजे आधी ओळखलेल्या परांच्या फोटोसंग्रहाशी, ताडायचे. सॉफ्टवेअर जवळचे पर पुढे आणून ठेवतं, निर्णय माणसाचा, आणि तोही दुसऱ्या माणसाने तपासलेला. एकाच डॉल्फिनची दोन नावं पडली तर कळप कागदावर वाढतो.

समजा, पहिल्या फेरीत 40 ओळखले. दुसऱ्या फेरीत 30, त्यातले 20 आधीचेच. 30 पैकी 20 म्हणजे दोनतृतीयांश, तर आपले 40 हेही सगळ्या खुणावाल्यांचे साधारण दोनतृतीयांश. खुणा असलेले एकूण 60. मधल्या काळात कुणी मेला नाही, कुणी दूर गेला नाही, हे धरून. गुळगुळीत पर त्यात वेगळे मिळवायचे.

[मादी आणि पिल्लू]

पिल्लाचा पर कोराच. त्याची ओळख आईवरून. मादीची दोन बाळंतपणं तीन-चार, कधी त्याहून जास्त वर्षांच्या अंतराने होतात, त्यामुळे घट झालीच तर ती आकड्यांत उमटायलाही वर्षं जातात. निधी मात्र दोन-तीन वर्षांचाच मंजूर होतो.

[नकाशा, मग नदीचं मुख]

स्कॉटलंडच्या मोरे फर्थ या खाडीतले ओळखीचे पर 1990 च्या दशकापासून बरेच दक्षिणेला, टे नदीच्या मुखाकडे दिसू लागले. त्यांच्यासाठी राखलेलं क्षेत्र मोरे फर्थमध्येच आहे.